तिसरी पंगत

माझी पाटवडी लोक टाकून देतात, हे मला बावीस वर्षांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या पोरीनं दाखवलं. नुसतं बोलली असती तर मी भांडले असते. तिनं बादलीत भरून, काट्याला लटकवून दाखवलं.

आधी मंडळाचं सांगते. भंडारा-गोंदियाकडची माणसं शेती भावांच्या हवाली करून भिलाईला स्टील प्लांटमध्ये लागली, त्यांचं हे मंडळ. सेक्टर दोनमध्ये भवन आहे, मागं स्वयंपाकाची टिनाची शेड. संक्रांतीनंतरच्या रविवारी स्नेहभोजन असतं, चारशे पान. एका वर्षी आचारी ऐनवेळी आला नाही. मी भाज्या चिरायला म्हणून गेले होते, मला कढईपाशी उभं केलं. तेव्हापासून ती कढई माझी. एरवी मी स्मृति नगरात एका खानावळीत पोळ्या लाटते. तिथं मला नाव नाही, 'पोळीवाली बाई' म्हणतात. वर्षातला हा एक दिवस मला नाव असतं. दुर्गाबाईची पाटवडी.

बेसन मसाल्यात शिजवायचं, परातीत थापायचं, शंकरपाळ्यासारखं कापायचं आणि झणझणीत रश्शात सोडायचं. आमच्याकडचा माणूस ताटात पाटवडी दिसली की शेजारी कोण बसलंय ते विसरतो. पहिल्या पंगतीला मंडळाचे अध्यक्ष भाऊरावजी बसतात, कमिटी बसते, रिटायर झालेले फोरमन बसतात. भाऊरावजी पहिला घास घेतात आणि शेडकडे बघून हात वर करतात. तो हात मी बावीस वर्षं पाहिला. तो दिसला की मी कंबर धरून तांदळाच्या पोत्यावर बसायचे आणि माझ्यापुरतं जेवण संपायचं.

तिसरी पंगत मी कधी पाहिलीच नाही. तिसरीला कोण बसतं? वाढून वाढून घामेजलेल्या बाया, दुसऱ्याची पोरं सांभाळणाऱ्या सुना, गाडीवाले. त्यांचा हात कोण बघतो.

मागच्या वर्षी समीक्षा आली. तेजराम फिटरची मुलगी. नागपूरला हॉटेलचा कोर्स केला, पुण्यात मोठ्या शाकाहारी हॉटेलात शेफ होती. शेफ म्हणजे आचारीच, फक्त त्याला टोपी असते. तेजरामला लकवा मारला तेव्हा ती नोकरी सोडून घरी आली. जेवण झालं की पोरी फोटो काढतात, ही जाऊन खरकट्याच्या टबापाशी उभी राहिली. दुसरी पंगत उठली तरी तिथंच. मला वाटलं अंगठी-बिंगठी पडली असेल.

"काय हरवलं वो पोरी?"

"काही नाही काकू. पाहून राहिली, लोक काय टाकतात."

तिसरी पंगत उठल्यावर तिनं भाजीवाल्याकडचा हुकाचा काटा आणला. झाऱ्यानं टबातली पाटवडी वेगळी काढली, बादलीत भरली आणि लटकवली. एकोणीस किलो.

"काकू, पहिल्या पंगतीच्या टबात एक तुकडा नाही," ती म्हणाली. "हे सगळं तिसरीचं आहे. तुमी दहा वाजता पाटवडी रश्शात टाकता, अडीच वाजेपर्यंत तिचा लगदा होते. तिसऱ्या पंगतीनं तुमची पाटवडी कधी खाल्लीच नाही."

तिच्या आवाजात खोच नव्हती. असती तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. ती खरंच मला मदत करत होती, आणि ते मी अजून माफ केलेलं नाही.

वर्षभरात तिनं स्मृति नगरात स्वतःचं किचन टाकलं. डबे, छोटे कार्यक्रम, सगळं शाकाहारी, आणि अट अशी की काही फेकायचं नाही. फुलकोबीचे डेठ, भोपळ्याची साल, टरबुजाचा पांढरा भाग, सांबाराच्या काड्या (कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो), भात पसवल्यावर निघते ती पेज. सगळ्यातून काहीतरी करायची. शिळं कशाला म्हणायचं, उरलेलं कशाला म्हणायचं, यावर कॉलेजात भाषण दिलं. ताटातलं उष्टं मात्र शिवायची नाही, त्यात ती माझ्या सासूपेक्षा कडक. मग हिंदी पेपरात अर्धं पान आलं. पांढरा कोट, हातात फुलकोबीचा डेठ धरलेला, जसा काही बाळकृष्ण.

माझी सासू गयाबाई एकोणऐंशी वर्षांची आहे. तिनं तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"हे तं आपलंच हाय," ती म्हणाली. "इच्यात पेपरात द्याचं काय हाय?"

तेच तर. सात तोंडांचं घर या बाईनं डेठांवर आणि पेजेवर काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला तिनं हेच शिकवलं, आणि पाहुणे आले की मी ते झाकून ठेवायला शिकले. डेठांचा झुणका घरात वास सोडू लागला की मी खिडकी लावून घ्यायचे, शेजारणीला कळू नये म्हणून. माझ्या हातात होतं तोवर ते दरिद्री होतं. हिनं कोट घालून तेच हातात धरलं तर त्याची कला झाली.

मला तिचा कोट खुपला. तिचे सरळ दात खुपले. सगळ्यात जास्त खुपलं ते हे की कोणी काही विचारलं तर ती बेधडक म्हणायची, "मले माहीत नाही, शिकून सांगते." आणि लोक म्हणायचे, किती नम्र आहे. मी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर म्हणाले असते, अडाणी आहे.

माझा नवरा नरेश म्हणाला, "तुहाही फोटो काढून देऊ का? लाटणं घेऊन उभी राह्य."

मी पेपराची घडी घातली आणि फोटोवर महिनाभर तेलाची बरणी ठेवली.

डिसेंबरात मंडळाची बैठक झाली. भाऊरावजी चष्मा पुसत म्हणाले, "यंदा सैपाकाचं समीक्षा पाहीन. दुर्गाबाई मदतीले राहतीन."

मदतीले. ज्या शब्दानं मला त्या शेडमध्ये आणलं होतं त्याच शब्दानं बाहेर काढलं. टाळ्याही वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या, हात मोकळे होते म्हणून.

दुसऱ्याच दिवशी समीक्षा घरी आली. मी चहात दुप्पट साखर टाकली. मनात विष असलं की माझा चहा गोड होतो.

"काकू, पाटवडी तुमीच करा. माह्याच्यानं तशी नाही होत, मी करून पाह्यली. बस एक ही बात, रश्शात आधी नाही टाकायची. वाढताना ताटात ठेवायची, वरून रस्सा."

"करतो नं," मी म्हटलं. "किती पानाची?"

"चारशे नावं आली आहेत. मी घरोघरी मेसेज करून विचारलं, कोन येते, लेकरं किती. चारशे वीसचं करू."

"वीस? अवो, चारशेले पाचशेचं करा लागते. पंगतीत कमी पडलं तं सात पिढ्या नाव निघते."

"आन उरलं तं, काकू?"

"उरलं तं लोक म्हनतात, दिलदारी होती."

"नाली में गया तो भी?"

"नालीले कोन पाह्यते?"

ती हसली. मीही हसले. ती गेल्यावर कप विसळताना मला सुचलं. चारशे वीस. वीसच्या वर एक माणूस आला की संपलं.

आमच्या लोकांत कोणाला पाडायचं तर भांडावं लागत नाही, आमंत्रण द्यावं लागतं. आमंत्रणाला कोणी दोष देऊ शकत नाही. पाहुणा आला तर वाईट झालं, असं कोणाच्या तोंडून निघणार आहे?

माझी नणंद कांता शेजारच्या दुर्गला राहते, रेल्वेच्या कॉलनीत. तिकडच्या मराठी रेल्वेवाल्यांचं हळदीकुंकू वेगळं, जेवण वेगळं, आमच्या यादीत ते कधीच नसतात. मी फोन लावला.

"येजा यंदा. पाटवडी आहे."

"आमी? आमाले कोन बोलावलं?"

"मी बोलावून राहिली नं. कॉलनीतल्या बायाइलेही घेऊन ये."

"किती जनी आनू?"

"जेवढ्या येतीन तेवढ्या."

"वैनी, तब्येत बरी आहे नं?" कांता म्हणाली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा याद आली."

रविवारी सकाळी सहाला मी शेडमध्ये होते. समीक्षा माझ्याआधी. कोट नव्हता, साधा कुडता आणि डोक्याला रुमाल, त्यामुळे मला चिडायला जरा कमी जागा मिळाली. मी बेसन घोटायला बसले. ती प्रत्येक गोष्ट थोडी थोडी करत होती. पुऱ्यांचं पीठ एकदम नाही मळलं, तीन वेळा मळायचं ठेवलं. भात एकदम नाही टाकला. पन्नास किलो फुलकोबी निवडली, डेठ आणि कोवळी पानं धुऊन दोन कॅरेटमध्ये बाजूला ठेवली. सांबाराच्या काड्यांची जुडी वर. पहिला भात पसवला ती पेज एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, झाकून ठेवली.

"हे काय इथंच ठेवते, लोकाइच्या नजरेसमोर?" मी म्हटलं.

"उद्या लोनच्याले नेतो काकू. पेज कढीले."

"तुहं बरं आहे. आमी ठेवलं असतं तं भिकारी म्हटले असते."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या परातीखाली फडकं सरकवलं, हलू नये म्हणून.

साडेअकराला पहिली पंगत बसली. ताटात चार पाटवड्या कोरड्या, वरून रस्सा. भाऊरावजींनी घास घेतला. शेडकडे पाहिलं. हात वर केला.

समीक्षाकडे.

बेसन माझं, मीठ माझं, थापलं मी, कापलं मी. ती पळी उलटी करून माझ्याकडे दाखवत होती, काका, काकूनं केली. पण भाऊरावजींचं तोंड परत ताटात गेलं होतं. तोवर माझ्या मनात कांताला परत फोन करून 'येऊ नको' सांगायचा थोडासा विचार होता, तो त्या क्षणी मेला.

दुसरी पंगत एकला उठली. मी सारखी फाटकाकडे बघत होते. दीडला एक मिनीबस आणि मागून चार ऑटो आले. कांता पुढं, हातात तिळगुळाचा डबा, मागं रेल्वे कॉलनी. नवीन साड्या, कडेवर लेकरं, हसत खिदळत. मी मोजल्या नाहीत, पण साठहून कमी नव्हत्या. अवेळी आलेल्यांना कुठं बसवतात? तिसऱ्या पंगतीत. वाढून थकलेल्या आमच्या बाया आधीच बसल्या होत्या. सतरंज्या वाढवल्या, ताटं वाढवली. लिंबाची फोड पडली, मीठ पडलं, कोशिंबीर पडली.

आणि मग पळी परातीला घासल्याचा आवाज आला. तो आवाज आचाऱ्याला झोपेतही कळतो.

पाटवडी शंभर ताटांत संपली. पुऱ्या त्याआधी. भाजीचा गंज तिरपा करून तिरपाच ठेवावा लागला. पुढं चाळीस-पन्नास पान नुसतंच मीठ-लिंबू घेऊन बसलेलं. समीक्षा शेडच्या दारात उभी राहिली आणि ओठ हलवत मोजू लागली. मोजून झालं तेव्हा तिचा चेहरा ओल्या बेसनासारखा झाला होता.

मला बरं वाटलं. लिहिते आहेच तर खोटं कशाला लिहू. वर्षभर छातीवर ठेवलेली ती एकोणीस किलोची बादली कोणीतरी उचलली असं वाटलं.

भाऊरावजी धावत आले. पोट भरलेलं असल्यामुळे धावणं जमत नव्हतं. "समीक्षा, हे काय? मंडळाची इज्जत हाय. सुपेल्याच्या बजारातून पुऱ्या बोलावू काय?"

"काका, एक घंटा लागेल."

"मंग?"

समीक्षा माझ्याकडे वळली. "काकू," ती म्हणाली, "मले समजून नाही राहिलं. काय करू?"

पुण्याची शेफ मला विचारत होती. याच क्षणासाठी मी फोन केला होता. मी पदराला हात पुसले आणि काय बोलावं ते जुळवू लागले. 'म्हटलं होतं नं पाचशेचं कर' हे तयार होतं. तेवढ्यात पंगतीतून कांताचा आवाज आला. रेल्वेवाल्यांचा आवाज फलाटावर वाढलेला असतो.

"वैनी, वाढा नं. तुमी स्वतः फोन करून बोलावलं, काही तं खासच असन."

मी तिकडे पाहिलं. कांताच्या शेजारी माझी सासू बसली होती. तिला पहिल्या पंगतीला बोलावलं होतं, पण लेक दुर्गहून येणार कळल्यावर ती उठली नाही, 'तिच्यासंगं बसीन' म्हणाली. तिच्या ताटात मीठ आणि लिंबू. ती काही मागत नव्हती. दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसली होती.

ते बसणं मला ओळखीचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, सगळ्यांना वाढून झाल्यावर गंजात काही उरलं नाही की ती चुलीपाशी अशीच बसायची, आणि म्हणायची, मले भूक नाही.

त्या साठ बाया समीक्षाच्या पाहुण्या नव्हत्या. माझ्या होत्या. मी बोलावून उपाशी बसवल्या होत्या. समीक्षाचं नाव जायला वेळ लागेल, ती तरुण आहे, पेपरवाले परत येतील. माझं नाव तिथं त्या सतरंजीवर आत्ताच जात होतं.

"तांदूळ आहे कोरडा?" मी विचारलं.

"दहा किलो ठेवला आहे."

"दोन भट्ट्यांवर टाक. बेसन माह्याकडं सहा किलो उरलं आहे. ते कॅरेट इकडं आन."

"ते लोनच्याचे डेठ—"

"लोनचं घाल चुलीत. आन म्हनतो नं."

वाढणाऱ्या सहा बायांना मी विळ्या देऊन बसवलं. डेठ बारीक, पानांच्या शिरा बारीक, सांबाराच्या काड्या बारीक, उरलेली कांद्याची पात. मोठ्या कढईत तेल, मोहरी, लसूण ठेचून, लाल मिरची. डेठ पडले तसा तो वास उठला. खिडकी लावून मी वीस वर्षं कोंडलेला वास. इथं लावायला खिडकीच नव्हती. सगळ्या पंगतीला गेला.

समीक्षानं भात लावला आणि ती बाहेर गेली, पंगतीत फिरून एकेकीला 'अर्धा तास थांबा, माझी चूक झाली' सांगायला. ती पाठमोरी असताना मी पेजेचा गंज उघडला. डेठ शिजले की वरून कोरडं बेसन भुरभुरायचं, आणि पाण्याच्या जागी गरम पेज. पाण्यानं गुठळ्या होतात, घशात बसतो. पेजेनं झुणका मऊ राहतो आणि चव धरतो. गयाबाईनं मला हे लग्नानंतर तीन वर्षांनी सांगितलं, तोवर माझा झुणका घशात बसू दिला. मी गंज रिकामा केला, विसळला आणि पालथा घातला.

बाहेर कांतानं वेळ काढायला उखाणे सुरू केले होते. "रेल्वेच्या डब्याले इंजिन लागलं पुढं, गुलाबरावाचं नाव घेतो, भात येऊ द्या इकडं." हशा झाला. भुकेल्या बायांचा हशा मोठा असतो.

पस्तीस मिनिटांत भात आणि झुणका बाहेर गेला. मी स्वतः वाढला. सासूच्या ताटात वाढला तेव्हा तिनं बोटानं थोडा उचलला, जिभेवर ठेवला, आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"आपलाच हाय," ती म्हणाली. एवढंच.

मग मी जे बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. टबापाशी जाऊन उभी राहिले. ताट घेऊन आलेली पहिली बाई मला पाहून दचकली, तिला वाटलं मी रागावणार. एकेक ताट मी पाहिलं. लिंबाची साल. मिरचीचा डेठ. लेकरानं सांडलेला भात. झुणका कुठंच नाही. एका ताटात बोटांच्या रेघा उमटल्या होत्या, इतकं पुसून खाल्लेलं. तिसरी पंगत माझ्या हातचं पहिल्यांदा जेवली होती, आणि तेही मी तिला उपाशी ठेवायला निघाले होते म्हणून.

दोन मिनिटं माझ्या छातीत कोणाचाच राग नव्हता. दोनच मिनिटं.

भाऊरावजी आले. "वा, समीक्षा. अवेळीच्या पाहुन्याइले पुरून उरली तू."

"काका, झुनका काकूनं केला. मी फक्त भात लावला."

"हो नं," भाऊरावजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. "तुह्या हाताखाली दुर्गाबाईही शिकल्या म्हनायच्या. डेठाचं करू लागल्या."

मी काही बोलायच्या आत कांता हात पुसत आली. "काय झुनका होता वैनी. बरं झालं फोन केला. नाईतर आमी कशाले येतो, यादीत आमचं नाव तं नसतेच."

समीक्षानं माझ्याकडे पाहिलं. हिशेब जुळायला तिला फार वेळ लागला नाही, मोजण्यात ती हुशारच आहे.

"तुमी फोन केलता, काकू?"

"केलता."

"मले सांगतलं असतं तं साठ वाढवले असते."

"माहीत आहे," मी म्हटलं.

भाऊरावजी दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "काय झालं? कोनता फोन?"

समीक्षानं रुमाल सोडला, घाम पुसला. "काही नाही काका," ती म्हणाली. "माहीच गिनती चुकली."

आणि तिथं मी पेटले. फोटो तिचा, कोट तिचा, भाऊरावजींचा हात तिच्याकडे, माझा झुणका तिच्या हाताखालचा. आता मोठं मनही तिचंच? मी पाप करायचं आणि तिनं ते पदरात झाकायचं, आणि जन्मभर मी तिच्या डोळ्यांत पाहिलं की मला ते दिसणार? एवढं मी तिला मिळू देणार नव्हते.

"भाऊरावजी, तिची गिनती बरोबर होती," मी मोठ्यानं म्हटलं. टबापाशी उभ्या सगळ्या बायांनी ऐकावं इतकं मोठ्यानं. "साठ जनी मी बोलावल्या. इचं कमी पडावं म्हनून बोलावल्या."

कांताचा हात पदरावर तसाच राहिला. "म्हनजे आमी..." ती म्हणाली. तिच्या काखेत तिळगुळाचा डबा होता, माझ्यासाठी वेगळी बांधून आणलेली पुडी तिनं नुकतीच त्यातून काढली होती. ती तिनं परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

भाऊरावजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांना ओरडता येत नाही, तेवढा वेळ त्यांनी प्लांटमध्ये साहेब म्हणून काढला आहे. "पुढच्या वर्षीपासून तुमी जेवाले या, दुर्गाबाई," ते म्हणाले. "पहिल्या पंगतीले बसवू तुमाले."

यापेक्षा हाकललं असतं तर बरं होतं. मी समीक्षाकडे पाहिलं. वाटलं होतं, आता तरी ती काहीतरी बोलेल, काकूला राहू द्या म्हणेल, आणि मला तिचा आणखी राग करता येईल. तिनं काट्याला टब अडकवला, वजन पाहिलं आणि नळाकडे गेली.

मी माझी विळी घेतली आणि सासूला धरून घरी आले. कांता त्याच मिनीबसनं गेली. दोन दिवस माझा फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी समीक्षा दारात उभी. मी पोळ्या लाटून नुकतीच आले होते. सासू आत खाटेवर पडली होती.

"रागवाले आली काय?" मी विचारलं.

"आली होती," ती म्हणाली. "रस्त्यात सोचलं, रागवून काय होईल. मले तो झुनका पाहिजे."

"पेपरात द्याले?"

"डब्यात द्याले. लोक मांगून राहिले. तुमचं नाव लिहून देईन."

"नाव नको लिहू. माह्या सासूचा आहे."

तिनं वही काढली, पेनाचं टोपण काढून मागं लावलं. मी चहा ठेवला. या वेळी साखर बेतानं टाकली, ते माझ्या लक्षात आलं. मग सांगितलं. डेठ किती बारीक. तेल किती. लसूण ठेचायचा, चिरायचा नाही. बेसन शेवटी, कोरडं, वरून. झाकण कधी, उघडायचं कधी. ती लिहीत होती.

"आन पानी?" तिनं विचारलं.

"लागेल तसं," मी म्हटलं. "गरम घेजो."

ती थांबली, पुढं काही येतं का पाहत राहिली. मी चहा गाळला. झालं, म्हटलं.

आतून खाट करकरली.

"अवो," गयाबाईचा आवाज आला, "पेज सांगतली काय तिले? पेजेबिगर तो झुनका होते काय?"

"सांगूनच राहिली होती, बाई," मी म्हटलं.

मी कप समीक्षापुढं ठेवला. समीक्षानं खाली बघत एक ओळ लिहिली. मी 'झालं' म्हटलं तरी तिनं पेनाला टोपण लावलंच नव्हतं.